रहस्यपट सगळ्यांना कळेल अशीच प्रत निवडा
यवतमाळ जिल्ह्यातील मंडळे, वाचनालये, शाळा आणि प्रेक्षकांना तातडीचे आवाहन

गणपतीच्या बैठका सुरू होत असताना हे लिहितो आहे, कारण नंतर लिहून उपयोग नाही. गणपती, मग दुर्गोत्सव, मग कोजागिरी. या दोन महिन्यांत वणीपासून उमरखेडपर्यंत आपल्या जिल्ह्यात जागोजागी पडदे बांधले जातात. मंडळे सिनेमा दाखवतात, वाचनालये दाखवतात, कॉलनीतली मंडळी कोजागिरीला आटवलेल्या दुधाच्या पातेल्याशेजारी प्रोजेक्टर लावतात. लहानथोर सगळे एकत्र बसणार म्हणून पुष्कळदा निवड जुन्या रहस्यपटावर येते. चांगली निवड आहे. माझे मागणे चित्रपटाच्या नावाबद्दल नाही, त्याच्या प्रतीबद्दल आहे.

मूळ आवाज शाबूत असलेली, जोडीला दुसऱ्या भाषेतला नीट जुळवलेला आवाज असलेली आणि खाली वाचता येईल अशी मराठी अक्षरे असलेली प्रत निवडा. ती हक्काने मिळवा. मिळत नसेल तर दुसरा चित्रपट घ्या. आणि हे कार्यक्रमाच्या दिवशी न ठरवता आत्ताच्या बैठकीत ठरवा, कारण परवानगी मागायला, सबटायटल तपासायला किंवा नव्याने तयार करायला काही आठवडे लागतात. ते आठवडे अजून हातात आहेत.

सध्या निवड कशी होते ते आपल्याला ठाऊक आहे. कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी एखादा कार्यकर्ता मोबाइलवर शोधतो, नावापुढे ‘ड्युअल ऑडिओ’ लिहिलेली आणि सगळ्यांत लवकर उतरणारी फाइल घेतो, पेनड्राइव्हमध्ये टाकतो आणि पडदा उजळतो. त्या पोराला दोष देऊ नये, त्याला कुणी काही सांगितलेलेच नसते. पण अशा फाइलमधला हिंदी आवाज बरेचदा टीव्हीच्या प्रसारणातून उचललेला असतो. टीव्हीवर चित्रपट वेळेसाठी कापतात. चित्र मात्र पूर्ण लांबीच्या प्रतीचे असते. हे दोन एकमेकांवर चिकटवले की जिथे हिंदी तुकडा नाही तिथे पात्रे अचानक इंग्रजीत बोलू लागतात आणि थोड्या वेळाने पुन्हा हिंदीवर येतात. ओठ एक सांगतात, कानावर दुसरेच पडते. खाली अक्षरे असलीच तर इंग्रजी. अर्ध्या तासात मागची माणसे उठू लागतात. आजी विचारते, “काय म्हणला तो?” शेजारचा सांगेपर्यंत पुढचे वाक्य निघून गेलेले असते.

कौटुंबिक किंवा पौराणिक चित्रपटात दहा वाक्ये हुकली तरी गोष्ट हातची जात नाही. राम वनवासाला निघाला हे न ऐकताही समजते. रहस्यपटात एक वाक्य हुकले तर पुढचा तासभर माणूस नुसती हलती चित्रे पाहतो. घड्याळात किती वाजले होते, पत्र कुणाच्या अक्षरात होते, खिडकी आतून बंद होती की बाहेरून, अशा बारीक गोष्टींवर सगळा डोलारा उभा असतो. लेखकाने मुद्दाम हळू आवाजात, बोलता बोलता टाकलेले वाक्यच शेवटी उपयोगी पडणार असते. मैदानावरच्या भोंग्यातून, जनरेटरच्या घरघरीत, लहान मुलांच्या गलक्यात नेमके तेच वाक्य हरवते. म्हणून बाकी कुठल्याही चित्रपटापेक्षा या प्रकाराला खालच्या अक्षरांची गरज जास्त आहे.

आपल्याच भाषेतले उदाहरण घेऊ. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ १९६४ चा. काशिनाथ घाणेकर वकील झाले आहेत, भावना त्यांच्या पत्नीच्या भूमिकेत. पत्नीच्या मृत्यूच्या दुःखात असलेल्या या वकिलासमोर पोलिसांनी पकडलेली एक बाई येते. ती हुबेहूब त्याच्या पत्नीसारखी दिसते आणि आपणच ती असल्याचे सांगते. मग न्यायालयात प्रश्नोत्तरे सुरू होतात. नवराबायकोशिवाय कुणालाही ठाऊक नसाव्यात अशा गोष्टी ती बोलून दाखवते आणि प्रेक्षकाचे मत दर मिनिटाला इकडून तिकडे हलते. शेवट सांगणार नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांचा तो हक्क आहे. पण या चित्रपटाचा प्राण त्या प्रश्नोत्तरांत आहे आणि त्यातले एक उत्तर जरी ऐकू आले नाही तरी शेवट कळत नाही. ज्या चित्रपटाला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो खरखरत्या आवाजात आणि अक्षरांविना दाखवून त्याची अब्रू घालवू नका.

‘पाठलाग’चे आपल्या गावाशीही एक नाते आहे. त्याची गाणी गदिमांनी लिहिली आणि दत्ता डावजेकरांनी संगीतबद्ध केली. तेच गदिमा १९७३ मध्ये यवतमाळला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. ‘पाठलाग’नंतर दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, राज खोसला यांनी हीच कथा ‘मेरा साया’ नावाने हिंदीत आणली, साधना आणि सुनील दत्त यांना घेऊन. एकच गोष्ट दोन भाषांत, दोन वेगळ्या चित्रपटांत. एखाद्या मंडळाने लागोपाठ दोन रात्री हे दोन्ही दाखवले, दोन्हींखाली मराठी अक्षरे दिली, तर शाळकरी पोरांपासून निवृत्त मास्तरांपर्यंत सगळे दुसऱ्या दिवशी चौकात वाद घालतील. मला तो वाद ऐकायचा आहे.

आता आपला प्रेक्षक कोण आहे ते पाहू. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ होती, आणि ही सगळी माणसे घरी एकच भाषा बोलत नाहीत. झरी-जामणी, मारेगाव, केळापूरच्या पोडांवर कोलामी बोलली जाते. गोंडी आहे. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागावच्या तांड्यांवर गोरमाटी आहे. पुसद-उमरखेडकडे घराघरांत उर्दू आहे. पैनगंगेपलीकडे आदिलाबाद लागते, त्यामुळे पाटणबोरीच्या बाजूला तेलुगू कानावर पडते. बाकी आपण वऱ्हाडी बोलणारे. कोलामी आणि गोंडी द्राविडी कुळातल्या भाषा आहेत. मराठीच्या अंदाजाने त्या कळत नाहीत आणि त्यांच्या अंदाजाने मराठी किंवा हिंदी कळत नाही. कोलाम समाज महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी समाजांपैकी एक आहे. पोडावरची म्हातारी वेगाने बोललेल्या हिंदीला मुकते, पण तिची नात मराठी शाळेत जाते आणि मराठी वाचते. पडद्याखाली मराठी अक्षरे आली की ती नात आजीच्या कानाशी कोलामीत सांगू शकते. अक्षरे नसतील तर दोघीही अंधारात बसून राहतात.

यात नवे काही नाही. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला तेव्हा तो मूक होता आणि पडद्यावर इंग्रजी व देशी भाषेतल्या पाट्या येत होत्या. वाचता येणारा मोठ्याने वाचायचा, शेजारचे ऐकायचे. म्हणजे आपला सिनेमा जन्मला तोच पडद्यावर अक्षरे घेऊन आणि एकाहून जास्त भाषांत. पुढे आवाज आला तेव्हा प्रभातने तर एकच चित्रपट दोनदा चित्रित केला: १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत, १९३७ चा ‘कुंकू’ मराठीत आणि ‘दुनिया न माने’ हिंदीत, १९३९ चा ‘माणूस’ आणि त्याचाच ‘आदमी’. दुसऱ्या भाषेच्या माणसाला गोष्ट नीट कळावी म्हणून कोल्हापूर-पुण्याच्या लोकांनी पुन्हा सेट लावला, पुन्हा संवाद लिहिले. आज आपल्याला फक्त योग्य फाइल निवडायची आहे.

ज्यांचा विचार बैठकीत कुणी काढत नाही त्यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. प्रत्येक गावात ऐकू न येणारी माणसे आहेत, दृष्टी नसलेली माणसे आहेत. ती मंडपात येतात, कारण सगळे येतात. मूकबधिर मुलगा पडद्याकडे बघतो आणि लोक दचकले की त्यांच्याकडे बघतो. कशाला दचकले ते त्याला कुणी सांगत नाही. त्याच्यासाठी नुसते संवाद लिहून भागत नाही. मागून दार लोटल्याचा आवाज, जिन्यावरची पावले, दुसऱ्या खोलीत वाजलेला फोन, बंद पडलेले घड्याळ, हेही खाली लिहावे लागते. रहस्यपटात हे आवाज म्हणजे पुरावेच असतात. परदेशी चित्रपटांच्या चांगल्या प्रतींत बधिर प्रेक्षकांसाठी अशी वेगळी सबटायटल दिलेली असतात. निवडताना ती आहेत का हे विचारा. मराठी तयार करणार असाल तर कंसात दोन शब्द जास्त लिहा.

दृष्टी नसलेल्यांसाठी उलट करावे लागते: संवादांच्या मधल्या जागेत, पडद्यावर काय घडते आहे ते शांत आवाजात सांगावे लागते. तशी तयार पट्टी सहसा मिळत नाही, पण मंडळात एक चांगला सांगणारा असतोच. त्याने आधी दोनदा चित्रपट पाहावा, मोजकी वाक्ये लिहून काढावीत आणि कार्यक्रमात ज्यांना हवे त्यांच्याजवळ बसून हळू सांगावीत. भोंग्यावरून सांगू नये, कारण रहस्यपटातली शांतताही दिग्दर्शकाने विचार करून ठेवलेली असते.

ज्यांना वाटते की दृष्टी नसलेल्याला रहस्यपटाचे काय, त्यांनी फ्रित्झ लांग यांचा जर्मन ‘एम’ पाहावा. १९३१ चा आहे. शहरात लहान मुलांचे खून होत आहेत, पोलीस हतबल आहेत आणि गुन्हेगाराला ओळखतो तो रस्त्यावर फुगे विकणारा एक आंधळा माणूस. खुनी एक ठरावीक सूर शिटीवर वाजवतो आणि त्या शिटीवरून आंधळा त्याला ओळखतो. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. ती शिटी हाच त्याचा सूर. खुन्याचे काम करणाऱ्या पीटर लॉरे यांना शिटी वाजवता येत नव्हती म्हणून दिग्दर्शक लांग यांनी ती स्वतः वाजवली असे सांगितले जाते. आता विचार करा, एखाद्या स्वस्त डबिंगमध्ये ती शिटी दबून गेली तर काय उरेल? हा चित्रपट मोठ्यांच्या कार्यक्रमाला जरूर दाखवा, मुलांच्या कार्यक्रमाला नको.

डबिंगविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. १९९४ मध्ये ‘ज्युरासिक पार्क’ हिंदीत आला आणि इंग्रजी न येणाऱ्या लाखोंनी तो पाहिला. चांगले डबिंग करताना मूळ चित्रपटातले संगीत आणि दार, पाऊस, गाड्या यांचे आवाज असलेली वेगळी पट्टी वापरतात आणि तिच्यावर नवे संवाद बसवतात. जुन्या चित्रपटांच्या बाबतीत ती पट्टी कधी कधी उपलब्ध नसते, आणि मग स्वस्तात काम उरकणारा मागचे आवाज पुसून टाकतो. हिचकॉक यांच्या १९६० च्या ‘सायको’मधल्या न्हाणीघराच्या प्रसंगात त्यांना आधी संगीत नकोच होते. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी फक्त तंतुवाद्यांवर ती किंचाळी लिहिली आणि हिचकॉक यांनी ती ठेवली. ती नसेल तर तो प्रसंग तोच राहत नाही. म्हणून दोन आवाज असलेली प्रत हवी म्हणतो: हिंदी आवाज ज्यांना हवा त्यांच्यासाठी, आणि मूळ आवाज चित्रपटाच्या इमानासाठी. कार्यक्रमाआधी दोन्ही आवाजांत तोच प्रसंग लावून ऐका. हिंदीत पार्श्वभूमी मुकी झाली असेल तर मूळ आवाज आणि मराठी अक्षरे हा जास्त चांगला पर्याय आहे.

आता तपासणी कशी करायची ते सांगतो, कारण इथेच बहुतेक कार्यक्रम फसतात. संगणकावर व्हीएलसी प्लेअर असेल तर कळफलकावरचे बी अक्षर दाबले की आवाजाची भाषा बदलते, व्ही दाबले की सबटायटल बदलते. दोन्ही करून पाहा. नावात ‘ड्युअल’ लिहिले आहे म्हणून दोन आवाज असतीलच असे नाही. सबटायटल थोडी मागे-पुढे असतील तर जी आणि एच या अक्षरांनी ती सरकवता येतात. पण एक दोष असा आहे जो पहिल्या दहा मिनिटांत लक्षात येत नाही. चित्रपटाची एक प्रत सेकंदाला जवळपास २४ चौकटींच्या वेगाने चालते, दूरदर्शनसाठी बनलेली दुसरी प्रत २५ च्या वेगाने. दुसरीसाठी बनवलेली सबटायटल पहिलीला लावली तर सुरुवातीला जुळतात आणि हळूहळू पुढे धावू लागतात. दोन तासांच्या चित्रपटात शेवटी हा फरक जवळपास पाच मिनिटांचा होतो. रहस्यपटात पाच मिनिटे आधी आलेले अक्षर म्हणजे खुन्याचे नाव पडद्यावर आधीच छापून देणे. म्हणून सुरुवात पाहून थांबू नका. मधला एक आणि शेवटाजवळचा एक प्रसंग लावून अक्षरे ओठांशी जुळतात का ते पाहा.

दुसरा नेहमीचा घोळ देवनागरीचा. घरच्या संगणकावर नीट दिसणारी मराठी अक्षरे मंडपातल्या टीव्हीवर चौकोन-चौकोन दिसतात. फाइल यूटीएफ-८ पद्धतीने जतन केली नसेल किंवा त्या यंत्रात देवनागरी अक्षरवळण नसेल तर असे होते. ज्या यंत्रावर दाखवणार त्याच यंत्रावर, त्याच पडद्यावर, आदल्या रात्री तालीम करा. अक्षरे मोठी, पांढरी, काळ्या कडेची असावीत आणि एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नसावीत. पडदा इतका खाली बांधू नका की पुढच्यांच्या डोक्यांमागे अक्षरे झाकली जातील. आपल्याकडे पडदा बांधताना हा विचार कुणी करत नाही, कारण आजवर खाली वाचण्यासारखे काही नसायचेच.

खालची अक्षरे वाचण्याचा आणखी एक मोठा लाभ आहे. १९९६ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी एक साधी कल्पना मांडली: गाणे ज्या भाषेत आहे त्याच भाषेत त्याचे शब्द पडद्यावर दाखवा, लोक नकळत वाचायला लागतील. पुढे दूरदर्शनच्या चित्रपटगीतांच्या कार्यक्रमांत हे केले गेले. जेमतेम वाचता येणाऱ्याला सराव हवा असतो, आणि खुनी कोण हे कळण्याच्या ओढीइतका चांगला सराव मला दुसरा सुचत नाही. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात बसायला लाजणारी माणसे मंडपात अंधारात बसून वाचतील.

कायदा काय म्हणतो हेही पदाधिकाऱ्यांनी जाणून घ्यावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ नुसार दृक्श्राव्य माध्यमे दिव्यांगांना उपलब्ध होतील अशी व्यवस्था करणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि त्यात श्राव्य वर्णन, सांकेतिक भाषा आणि सबटायटल यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मार्च २०२४ मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांत दाखवायच्या चित्रपटांसाठी याबद्दलची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ही तत्त्वे चित्रपटगृहांसाठी आहेत. आपल्या मंडपातल्या, वाचनालयातल्या जुन्या चित्रपटाकडे बघायला त्यात कुणी नाही. तिथे आपणच आहोत.

चोरट्या प्रतींबद्दल स्पष्ट लिहितो. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार चित्रपटचोरीला किमान तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. मंडळाचा परवाना पदाधिकाऱ्यांच्या नावाने असतो, म्हणजे अडचणीत येणार तेच. जुना चित्रपट आहे, कोण विचारतो, हा समज सोडा. भारतात चित्रपटाचे हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतात. त्या हिशेबाने १९६४ च्या चित्रपटाची मुदत २०२४ अखेर संपली. पण लेखक-गीतकारांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतात, आणि गदिमा १९७७ मध्ये गेले. नव्याने केलेले डबिंग आणि नव्याने लिहिलेली सबटायटल यांचे हक्क आणखी वेगळे. तेव्हा अंदाजाने न वागता हक्कदाराकडून लेखी परवानगी घ्या. उत्सवातल्या मोफत खेळासाठी विचारले तर माफक रकमेत होकार मिळू शकतो. विचारायला मात्र वेळ लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे, जे १९६४ पासून आपला जुना सिनेमा जपते आहे, चांगली प्रत कुणाकडे आहे याची विचारणा करता येईल. सेन्सॉर प्रमाणपत्रही पाहा, कारण मंडपात मुले असतात.

आवाजाच्या नियमामुळे रात्री दहानंतर भोंगा बंद करावा लागतो. काही ठरावीक दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सवलत असते. ‘सायको’ किंवा ‘एम’ सुमारे पावणेदोन तासांचे आहेत. साडेसातला सुरू केले तर सव्वानऊला संपतात आणि वाद घालायला वेळ उरतो. आरतीनंतर भाषणे, सत्कार, बक्षीस वितरण उरकून नऊला चित्रपट सुरू करू नका. शेवटची वीस मिनिटे आवाज कमी करून दाखवलेला रहस्यपट मी कुणालाही पाहायला लावणार नाही.

आता ज्यांच्याकडून माझी सर्वांत मोठी अपेक्षा आहे त्यांच्याकडे येतो. परदेशी रहस्यपटांना इंग्रजी सबटायटल मिळतात, हिंदीही कधी मिळतात, मराठी क्वचितच. ती आपल्यालाच तयार करावी लागतील. दोन तासांच्या चित्रपटात साधारण हजार-दीड हजार वाक्ये असतात. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, पांढरकवडा येथील महाविद्यालयांतल्या मराठीच्या प्राध्यापकांनी चार-पाच विद्यार्थ्यांना हे काम वाटून दिले तर पंधरा दिवसांत ते होते. चित्रपटाचा हक्क असणाऱ्याला आधी विचारा. त्याच्या परवानगीने केलेली मराठी सबटायटल त्याच्याही उपयोगाची असतात. मूकबधिर आणि अंध मुलांच्या शाळांसाठी काम करणाऱ्यांना कायद्याने जास्त मोकळीक आहे: कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये घातलेल्या तरतुदीनुसार दिव्यांगांना उपयोगी पडेल अशा स्वरूपात कलाकृती तयार करून विनानफा देता येते. जिल्ह्यातल्या अशा शाळांनी या तरतुदीचा आधार घेऊन कामाला लागावे. मराठीत लिहिताना पुस्तकी मराठी नको. न्यायाधीश न्यायाधीशासारखा बोलेल, पण चोर चोरासारखाच बोलला पाहिजे, आणि एखाद्या गावरान पात्राच्या तोंडी वऱ्हाडी आली तर आपल्या प्रेक्षकाला ती लगेच भिडेल.

शाळांच्या मुख्याध्यापकांनी सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’ विचारात घ्यावा. १९७४ चा, बंगाली, लहान मुलांना घेऊन पाहण्याजोगा रहस्यपट: पूर्वजन्म आठवतो असे सांगणारा मुलगा, राजस्थानचा किल्ला आणि त्या मुलाच्या मागावर असलेली वाईट माणसे. आपल्या दुर्गोत्सवाची थोरवी सांगताना आपण नेहमी कोलकात्याचे नाव घेतो. त्या शहराच्या दिग्दर्शकाचा चित्रपट त्याच्या मूळ बंगाली आवाजात, खाली मराठी अक्षरे लावून, नवरात्रात एखाद्या मैदानावर दाखवला तर किती शोभेल. मुलांना बंगाली कळत नाही म्हणून घाबरू नका. वाचायला येणारी मुले पहिल्या पाच मिनिटांत सरावतात. अडखळतात ते आपण मोठे.

प्रेक्षकांनाही सांगणे आहे. वर्गणी देताना विचारा: यंदा कोणता चित्रपट, कोणती प्रत, खाली मराठी येणार का? पावती फाडताना विचारलेला प्रश्न बैठकीपर्यंत पोहोचतो. कार्यक्रमात अक्षरे नसली तर शांतपणे उठून संयोजकांना सांगा. शेजारी ऐकू न येणारे कुणी असेल तर त्यांना पुढच्या रांगेत जागा करून द्या. वाचता येणाऱ्या मुलांनी वाचता न येणाऱ्या आजी-आजोबांजवळ बसावे. आणि शेवट आधीच माहीत असणाऱ्यांनी तो सांगू नये, ही सर्वांना हात जोडून विनंती.

मंडळांनी आपल्या पुढच्या बैठकीत एवढ्या गोष्टी ठरावात लिहून घ्याव्यात: चित्रपटाचे नाव, प्रत कुणाकडून, परवानगी कोण आणणार, सबटायटल कोण तपासणार, तालीम कोणत्या रात्री. पाच नावे आणि पाच तारखा. ज्या मंडळाला हे एकट्याने जमणार नाही त्याने शेजारच्या गावाशी बोलावे. एकदा मिळवलेल्या परवानगीत दोन-तीन गावांचे खेळ बसवून घेता येतात आणि एकदा तयार केलेली मराठी सबटायटल कळंबहून राळेगावला आणि राळेगावहून घाटंजीला जाऊ शकतात. गणपती बसायच्या आत निदान प्रत्येक तालुक्यात एका मंडळाने आणि एका वाचनालयाने हे काम हाती घ्यावे. परवानगीचे पहिले पत्र या आठवड्यात टपालात पडले पाहिजे.